सासूबाईंच्या चौथऱ्यावरचं छापकाम

"कापड मी छापीन" हे शब्द तेकुराच्या तोंडून बाहेर पडले तेव्हा तिच्या तोंडात अर्धा डोनट होता. त्यामुळे नंतर "मी तसं म्हणालेच नव्हते" असं म्हणायला थोडीफार जागा होती. पण महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे तिची थोरली नणंद आकाइती. तिनं ते शब्द स्वच्छ ऐकले, मोठ्यानं परत म्हणून दाखवले आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, की कापड म्हणजे कुठलं कापड? स्वारीचं? अख्ख्या चाळीस माणसांचं? तेकुरानं डोनट गिळला आणि मान हलवली. ती मान होकाराची की घास अडकल्याची, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

गावाची स्वारी आतिऊ बेटावर निघायची होती. आमच्या रारोटोंगा बेटावर गावच्या गाव उठून दुसऱ्या बेटावर पाहुणचाराला जातं. नाचतं, गातं, जेवतं, सभागृहाच्या छपरासाठी मदत गोळा करतं आणि परत येतं. अशा वेळी सगळ्यांच्या अंगावर एकच कापड हवं, पुरुषांना शर्ट, बायकांना झगे. नाहीतर माणसं स्वारीला आली आहेत की नुसती भटकतायत, हे यजमानांना कळणार कसं? दरवर्षी हे कापड ऑकलंडच्या दुकानातून यायचं, लाल जास्वंदीचं. गेल्या वर्षी शेजारच्या गावानंही त्याच दुकानातून तेच आणलं. दोन्ही गावं एकाच लग्नात समोरासमोर आली आणि कोण वाढपी, कोण पाहुणा, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

पण तेकुराच्या डोक्यात खरं वेगळंच सलत होतं. सरकारी कचेरीत आवक-जावक विभागाची उपप्रमुख म्हणून ती सन्मानानं निवृत्त झाली होती, आणि निवृत्त बाईनं महिला मंडळात जायचं ही आमच्याकडची रीतच आहे. मंडळात सगळ्या मिळून फुलापानांच्या गोधड्या शिवतात. तेकुराचा टाका मात्र असा, की शिवलेलं फूल ढेकूण चिरडल्यासारखं दिसे. तिनं शिवलेला भाग आकाइती घरी नेऊन गुपचूप उसवते आणि पुन्हा शिवते, हे तेकुराला ठाऊक होतं, कारण वाकडं दिलेलं फूल पुढच्या बैठकीला सरळ होऊन परत यायचं. हळूहळू तिच्या हातातली सुई गेली आणि केटली आली. त्यातून गावात आणखी एक तेकुरा होती, गोधड्यांसाठी नावाजलेली. दोघींत घोळ नको म्हणून बायका हिला "चहावाली तेकुरा" म्हणू लागल्या. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, पण म्हणूनच ते जास्त लागायचं.

"बघ बाई," आकाइती म्हणाली, "ऑकलंडला मी फोन करतेच आहे. तुझं नीट झालं तर तुझं घालू. नाही झालं तर तू आपली चहाच बघ, कायमची." बायका हसल्या. तेकुराही हसली आणि केटली भरायला गेली, पण तिचे कान लालेलाल झाले होते.

छापायची रीत तशी आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ओल्या कापडावर रंग फासायचा, वर पानंफुलं मांडायची आणि उन्हात सोडून द्यायचं. उघडा भाग आधी वाळतो आणि पानाखालचा रंग आपल्याकडे ओढून घेतो. पान उचललं की खाली त्याचा फिका ठसा उरतो. आता सगळ्यांना माहीत म्हणजे काय, तर सगळ्यांनी शनिवारच्या बाजारात असं कापड दोरीवर लटकलेलं पाहिलेलं. स्वतः केलेलं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच सल्ला द्यायला सगळे मोकळे होते.

पहिला प्रयोग तिनं जुन्या सुती चादरीवर केला. निळा रंग, वर नेच्याची पानं. जेवणं उरकून तिनं एक पान उचललं आणि अशी काही किंचाळली, की नवरा माताइओ स्कूटर उघडी टाकून ग्रीसच्या हातांनी धावत आला. त्याला वाटलं कुणीतरी नारळाच्या झाडावरून पडलं. पाहतो तर बायको अंगणात गुडघे टेकून बसलेली, आणि समोर निळ्या चादरीवर नेच्याचं पान, एकेका दातासकट.

"ही आपली चादर ना?" माताइओनं विचारलं.

"होती," तेकुरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून एखादी गोष्ट तिला हवी होती तशीच उतरली होती.

झालं. त्या दिवसापासून घरात कापड म्हणून जे होतं ते सुरक्षित राहिलं नाही. उशांचे अभ्रे गेले, टॉवेल गेले, इस्त्रीच्या फळीवरचं कापड गेलं. स्वयंपाकघरातल्या फडक्यावर अळूचं पान उमटलं आणि ते इतकं सुरेख दिसू लागलं की त्यानं काही पुसायला तेकुरा कुणाला देईना. प्रत्येक कापडाचा स्वभाव वेगळा, हे तिला कळत गेलं आणि तिला दुसरं काही सुचेनासं झालं. सुती कापड रंग आधाशासारखा पिई आणि सोडत नसे. रेयॉन रंग छान घेई, पण धुतल्यावर लाजून एवढंसं होई. पॉलिएस्टरनं मात्र भर अंगणात तिचा अपमान केला. बैठकीच्या खोलीतला पडदा तिनं दिवसभर खपून पपईच्या पानांनी छापला, आणि संध्याकाळी पाण्यात बुडवल्याबरोबर सगळी नक्षी बादलीत उतरली. पडदा पुन्हा कोरा करकरीत, आणि बादली मात्र दृष्ट लागण्यासारखी दिसत होती.

मग तिला प्रश्न पडला, की अर्धं सुती आणि अर्धं पॉलिएस्टर असलं तर? हा प्रश्न ज्ञानाच्या दृष्टीनं महत्त्वाचा होता. पण त्याचं उत्तर तिनं माताइओच्या पांढऱ्या शर्टावर शोधायला नको होतं. आमच्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे पांढऱ्या कपड्यांत चर्चला जातात. माताइओनं सकाळी कपाट उघडलं तर एकुलत्या एक चांगल्या शर्टाच्या पाठीवर फणसाएवढं मोठं पान, तेही अर्धंमुर्धं उमटलेलं. त्यानं वर कोट चढवला. गायकवृंदात तो खर्जाचा आवाज, मधल्या बाकावरचा. तिसऱ्या कडव्याला घामानं त्याची शुद्ध हरपायची वेळ आली तेव्हा त्यानं कोट काढला, आणि मागच्या दोन रांगांचं गाणं थांबलं. पाळकांनी त्या दिवशी निर्मात्याच्या हिरवाईबद्दल ठरल्यापेक्षा बरंच जास्त सांगितलं. दुपारी जेवल्यावर माताइओ म्हणाला, की आता ते पान पूर्ण तरी कर, अर्धं दिसतं ते त्वचारोगासारखं वाटतं.

कुंपणापलीकडचे तौतारा काका हे सगळं पहिल्या दिवसापासून खुर्ची टाकून बघत होते. रंगात मीठ घाल म्हणाले, घातलं. शहाळ्याचं पाणी घाल म्हणाले, घातलं, तर मुंग्या आल्या. मग म्हणाले, की त्यांच्या आजीच्या काळात असले रंगच नव्हते आणि लोक सुखी होते. एकदा त्यांच्या कोंबड्या कुंपणातून आल्या आणि ओल्या पिवळ्या कापडावरून आरामात फेरफटका मारून गेल्या. तेकुरा हातात झाडू घेऊन धावली आणि मध्येच थांबली, कारण ती पावलं एखाद्यानं मोजून काढावी तशी सुंदर पडली होती. हे तिनं बोलून दाखवलं, ही चूक झाली. काका लगेच म्हणाले, की नक्षी त्यांच्या कोंबड्यांची आहे, तेव्हा एक शर्ट त्यांना फुकट मिळायला हवा, आणि स्वारीत खिडकीजवळची जागाही.

आता एकेक कापड छापणं निराळं आणि चाळीस जणांचं निराळं. गवतावर कापड सपाट राहीना. वारा पानं उडवी. कोपऱ्यांवर दगड ठेवले तर दगडही छापले जात. तिला हवी होती एक मोठी, सपाट, तापणारी, निवाऱ्याची आणि कोंबड्यांना न आवडणारी जागा. सभागृहाच्या फरशीसाठी तिनं विचारलं, तर कळलं की त्यासाठी चर्चच्या समितीची बैठक लागते आणि बैठकीचा विषय ठरवायला आधी दुसरी बैठक. खेळाच्या मैदानावर रग्बीवाले म्हणाले, खुशाल ये, आम्ही फक्त संध्याकाळी धावतो. ते कापडावरून धावणार होते, हे वेळेवर तिच्या लक्षात आलं.

आणि मग एका दुपारी ती चहा घेऊन नेहमीसारखी सासूबाईंवर बसली. म्हणजे सासूबाईंच्या चौथऱ्यावर. आमच्याकडे घरची माणसं घरच्याच अंगणात पुरतात. वर सिमेंटचा पांढरा चौथरा बांधतात, आणि मग आयुष्य त्याच्या आजूबाजूला पुढं चालू राहतं. संध्याकाळी तिथं बसून गिटार वाजवतात, शाळेचे गणवेश वाळत घालतात, पत्ते खेळतात. सासूबाई, म्हणजे तेपाएरूबाई, हयात असताना ऐसपैस होत्या, म्हणून त्यांचा चौथराही मुलांनी ऐसपैस बांधला होता. तेकुरा बसली आणि चटका बसून उठली. तिनं तळहात टेकवून पाहिला. सिमेंट तव्यासारखं तापलेलं. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला कुंपण, वाऱ्याला यायला वाट नाही. कोंबड्या पाय भाजतात म्हणून कडेकडेनं जात होत्या. तेकुराच्या हातातला चहा तसाच राहिला.

माताइओ म्हणाला, की त्याची काही हरकत नाही, पण चौथरा सगळ्या भावंडांचा आहे, तेव्हा विचारलेलं बरं. त्याची भावंडं, चुलत, मावस आणि आते धरून, ऑकलंडपासून पर्थपर्यंत पसरलेली. तेकुरानं फोनवरच्या कुटुंबाच्या गटात अत्यंत नम्र भाषेत विनंती टाकली. पहिल्या उत्तरात कुणीतरी विचारलं, की हल्ली अंगणातलं गवत कोण कापतं. दुसऱ्यानं आंब्याच्या झाडाचं जुनं भांडण उकरून काढलं. पर्थच्या चुलतभावानं होकार दिला, पण शर्ट निळाच हवा आणि माप सगळ्यात मोठं. मेलबर्नच्या पुतणीला ही विटंबना वाटली, आणि तिला विटंबना वाटली म्हणून ऑकलंडच्या दोघींना वाटेनाशी झाली. शेवटी कुणीतरी म्हणालं, की जमिनीच्या कचेरीत जाऊन रीतसर विचारा.

कचेरीत जायला तेकुराला आनंदच झाला, कारण कचेरी तिचा प्रांत होता. तिथल्या बाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं, यंत्रात बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की थडग्यावर कापड वाळवण्यासाठी वेगळी सोय नाही, पण जागा तात्पुरती वापरायला मालकाची संमती चालते. मालक कोण, तर वारसनोंद अजून व्हायची असल्यामुळे तेपाएरूबाईच. "त्यांची सही आणा," ती बाई म्हणाली. तेकुरानं शांतपणे सांगितलं, की त्या खाली आहेत. "मग वर आल्या की आणा," बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. ज्या कचेऱ्यांमध्ये आपण आयुष्य घालवलं, त्या बाहेरच्या बाजूनं अशा दिसतात, हे तेकुराला त्या दिवशी प्रथमच कळलं आणि ती जराशी खजील होऊन घरी आली.

शेवटी तिनं थेट सासूबाईंनाच विचारायचं ठरवलं. चौथऱ्यावर ताजी फुलं ठेवली, कडेला बसली आणि सगळं सांगितलं. आकाइती काय म्हणाली तेही सांगितलं आणि चहावाली तेकुरा तेही सांगितलं. "आई, एकदाच काहीतरी माझ्या हातचं गावानं अंगावर घालावं असं वाटतंय," ती म्हणाली, "तुम्हाला चालणार नसेल तर काहीतरी खूण द्या." ती थांबली. काहीही झालं नाही. जिवंतपणी सासूबाई गप्प बसल्या तर त्याचा अर्थ नकार असे, पण तेव्हा त्यांना बोलायचा पर्याय होता. ही शांतता तेकुरानं संमती म्हणून आवक रजिस्टरला नोंदवली, अर्थात मनातल्या मनात.

आणि काय सांगू, त्यानंतरचे दिवस. असं ऊन आमच्याकडेही क्वचित पडतं. सकाळी चौथरा धुवायचा, ओलं सुती कापड अंथरायचं, वर मोठ्या ब्रशनं समुद्राचा निळा आणि पिकल्या आंब्याचा पिवळा एकमेकांत मिसळू द्यायचा, मग नेचा, अळू, जास्वंद, जे हाताला येईल ते. दुपारपर्यंत एक निघे, दुसरं पडे. तेकुराचे हात कोपरापर्यंत निळे झाले, नखं पिवळी झाली, आणि ती चालताना गाऊ लागली. मधला रविवार मात्र तिनं दात आवळून काढला, कारण रविवारी काम करायचं नाही आणि बाहेर ऊन असं, की बघवेना. कापड वाळलं की घडी करून आकाइतीकडे रवाना. आकाइती बघे, काही बोलत नसे आणि शिवायला घेई. न बोलणं ही आकाइतीच्या बाबतीत फार मोठी गोष्ट होती, हे सगळ्या गावाला कळत होतं.

घोटाळा उघडकीला आला तो निघायच्या आदल्या संध्याकाळी, सभागृहात. सगळे कपडे शिवून झाले होते, राहिली होती फक्त इस्त्री. इस्त्रीनं रंग पक्का होतो आणि खुलतोही. बायका टेबलांभोवती उभ्या राहून इस्त्री फिरवत होत्या, तेकुरा मध्ये उभी राहून बघत होती आणि तिला आनंदानं जागच्या जागी नाचावंसं वाटत होतं. एवढ्यात पाएराऊ काकांचा शर्ट फळीवर आला. पाएराऊ काका म्हणजे चर्चचे सगळ्यात वडीलधारे. पोटावरून इस्त्री फिरली, निळा उजळला, नेचा उजळला, आणि नेच्याच्या मधोमध पांढरी, ठसठशीत अक्षरं वर आली: निजली आहे.

दुसरा शर्ट आला. त्याच्या खांद्यावर "तेपा" आणि बाहीवर "एरू". तिसऱ्यावर नुसतंच "आतिऊची". एका झग्याच्या खिशावर "आहे" एवढंच होतं.

तेपाएरूबाई आतिऊ बेटाच्या. लग्न होऊन रारोटोंगाला आल्या त्या परत माहेरी कधी गेल्या नाहीत. बोट लागायची, मग पोरं लहान होती, मग विमान आलं तर गुडघे गेले. पण शेवटपर्यंत स्वतःला आतिऊची म्हणवून घेत. चौथऱ्यावर काय लिहायचं हेही त्यांनीच सांगून ठेवलं होतं, "आतिऊची तेपाएरू. निजली आहे." त्याखाली ना तारीख, ना वचन. भाच्यानं ती अक्षरं सिमेंटची, चांगली उंच बनवली होती. त्या उंच अक्षरांवर ओलं कापड ताणलं गेलं, रंग दोन्हीकडे ओघळला आणि अक्षरं फिकी राहिली. तेकुरानं पाहिली नव्हती का? पाहिली होती, पानांच्या शिरा म्हणून. रोज ज्याच्यावर बसून चहा प्यायचा, त्याच्यावर काय लिहिलंय हे कोण वाचतं?

तौतारा काका पहिले हसले. मग एकेक करून सगळं सभागृह. पाएराऊ काका तो शर्ट पोटाशी धरून म्हणाले, की निदान "निजला आहे" तरी हवं होतं. तेकुराला वाटलं, जमीन दुभंगून आपणही सासूबाईंच्या शेजारी जावं. ब्लीच लावू का, असं तिनं विचारलं. उलटे करून शिवता येतील का, असंही विचारलं. ऑकलंडचं कापड आकाइतीनं मागवलेलं होतंच, तिनं ते सगळ्यांसमोर कबूल केलं. पण ते बोटीवर होतं आणि बोट कुठल्या समुद्रात होती हे बोटीलाच माहीत.

आकाइतीचा झगा सगळ्यात शेवटी इस्त्रीला आला. ती आईवर गेलेली, तेवढीच ऐसपैस. त्यामुळे तिच्या कापडाला पाठीत जोड नव्हता. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत अख्खं वाक्य सलग उमटलं होतं. तिनं ते वाचलं, झग्याची घडी घातली आणि म्हणाली, "हेच घालायचं. दुसरं आहे काय आपल्याकडे?"

"ताई, मी येत नाही," तेकुरा म्हणाली. "मला नका नेऊ."

"तू पुढच्या रांगेत येणार आहेस," आकाइती म्हणाली. "लोक विचारणार हे कुणी केलं, तेव्हा बोट कुणाकडे करू मी?"

विमानात तेकुरा सबंध वेळ स्वतःच्या निळ्या हातांकडे बघत होती. स्वतःच्या झग्यावर तिला "निज" एवढं आलं होतं, कंबरेपाशी, आणि त्यावर तिनं पर्स धरली होती. आतिऊच्या धावपट्टीवर यजमान ओळीनं उभे होते, हातांत फुलांचे हार, पुढं ढोलवाले. आमची मंडळी खाली उतरली, ओळीत उभी राहिली. त्यांच्या मुखियानं स्वागताची आरोळी घ्यायला छाती भरली, आणि त्याची नजर पाएराऊ काकांच्या पोटावर गेली. आरोळी अर्ध्यात राहिली. ढोलही थांबले. तेकुरानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा एक म्हातारी बाई काठी टेकत ओळीसमोरून चालत होती. ती तुताई मावशी, तेपाएरूबाईंची सगळ्यात धाकटी बहीण. तिला लांबचं दिसत नसे, म्हणून ती प्रत्येकाच्या छातीला नाक लावून बघत होती. एका शर्टापाशी "तेपा" वाचून थांबली. बाही हातात धरून "एरू" वाचलं. पुढच्याच्या पोटावर "आतिऊची" होतं. मग ती आकाइतीसमोर आली, तिचा चेहरा न्याहाळला आणि काठीनं खूण केली, वळ. आमच्या गावात आकाइतीला वळ म्हणायची कुणाची छाती नाही. ती वळली.

म्हातारीनं त्या पाठीवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग पूर्ण तळहात ठेवला.

"आलीस होय गं शेवटी," ती त्या पाठीला म्हणाली. "किती वाट पाहायला लावलीस."

आकाइतीचा चेहरा आता आमच्या ओळीकडे होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते लपवायला तिच्याकडे पाठ उरली नव्हती, ती मावशीच्या ताब्यात होती. तिकडे मावशीनं हंबरडा फोडला, त्यात सगळी आतिऊची बायकामंडळी मिसळली, आणि मग तितक्याच जोरात हसणं सुरू झालं. स्वतः कधी आली नाही आणि आली ती चाळीस जणांच्या अंगावर बसून, अगदी तेपाएरूच ती, असं जो तो म्हणू लागला. ढोल असे वाजले, की दुसऱ्या खेपेचं विमान उतरलेलंही कुणाला कळलं नाही. मुखियानं डोळे पुसले आणि विचारलं, की आमच्या मुलीला असं घरी आणायचं हे कुणाच्या मनात आलं?

सगळे आकाइतीकडे बघू लागले. अध्यक्षीण तीच, श्रेय घ्यायची सवय तिलाच. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि तेकुराच्या खांद्याला धरून तिला पुढं ओढलं.

"माझ्या भावजयीच्या," ती म्हणाली. "मुद्दाम केलंय."

तेकुरानं पर्स खाली सोडली. तिचा हात धरून तुताई मावशीनं तो निळा हात स्वतःच्या गालाला लावला, आणि तेकुरा लहान मुलीसारखी रडली, हसली आणि मग पोटभर जेवली.

आमच्याकडे यजमानांनी एखाद्या वस्तूची तारीफ केली की ती देऊन टाकायची असते. आतिऊच्या लोकांनी त्या मुक्कामात दुसऱ्या कशाचीही तारीफ केली नाही. पाएराऊ काकांच्या शर्टासाठी तर दोन घरांत जुंपली. निघायच्या दिवशी आमची मंडळी धावपट्टीवर उभी राहिली ती मिळेल त्या कपड्यांत. कुणी यजमानांच्या शाळेचे बनियन घातले होते, कुणी अंगाभोवती टेबलावरचं कापड गुंडाळलं होतं, आणि तौतारा काका कुणाच्या तरी फुलाफुलांच्या झग्यात खिडकीजवळच्या जागेसाठी पुढं घुसत होते.

फक्त आकाइती तिच्या निळ्या-पिवळ्या झग्यात होती. तिनं तिची विणलेली टोपी दिली होती, काळ्या मोत्यांच्या कुड्या दिल्या होत्या, पायातल्या चपलाही दिल्या होत्या. झग्याची तारीफ कुणी करायला आलं, की ती भिंतीला पाठ लावून उभी राहत होती. विमानात ती तेकुराशेजारी येऊन बसली, अनवाणी, आणि पट्टा बांधायला बराच वेळ खटपट करत राहिली. विमान समुद्रावर आल्यावर ती पुढे वाकून बसली, पाठ टेकली असती तर अक्षरं चुरगळली असती.

"पुढच्या वेळी," ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आईचं नाव जरा मोठं येऊ दे."